बोअर घेतला अन् भिंत तडकली? आधी हे वाचा

उन्हाळा लागला की आम्हाला ठरलेला फोन येतो : "तुमच्या मशीननं जमीन हलली, भिंतीला तडा गेला." 1993 च्या किल्लारीनंतर आपल्याकडं 'जमीन हलली' म्हटलं की काळजात धस्स होतं, हे आम्हीही जाणतो. म्हणून हे पत्रक.

बोअरमुळं जमीन हलते, हे खोटं नाही. काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, मधेमधे मांजऱ्या, म्हणजे त्याहून मऊ दगड. पाषाणात पाणी असतं ते भेगांत, आणि ते भेगेला आतून रेटून धरतं. पाणी 10 मीटर उतरलं की हा रेटा चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोनं कमी होतो. भेग किंचित मिटते, वरची जमीन तेवढी बसते. पावसाळ्यात पाणी चढलं की पुन्हा उचलते. पण हे डोळ्याला दिसत नाही, त्याला जमिनीचा कल टिपणारं नाजूक यंत्र लागतं. तेवढ्यानं भिंत तडकत नाही.

भिंत तडकवते काळी माती. वैशाखात रानात पाय अडकेल अशा भेगा पडतात ना, तीच माती घराखाली आहे. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर दरवर्षी खालीवर होणारच.

बोअर महिनोन्महिने गढूळ पाणी ओकत असेल तर मात्र दोष बोअरचा. माती धुऊन आत पोकळी होते, कारण केसिंग, म्हणजे माती आत ढासळू नये म्हणून बोअरमध्ये उतरवतात तो पाइप, कमी पडलेलं असतं. आम्ही केसिंग मुरमात सोडत नाही, कठीण दगडात बसवतो. आमचं बिल थोडं जास्त दिसतं ते यामुळंच.

आता ज्यानं आमची फेरी वाया जाते ते. तडा दिसला की लोक सिमेंट भरतात, चुना मारतात आणि मग आम्हाला बोलावतात. बघायचं काय, चुना? तडा बुजवू नका. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ ओढून तारीख टाका. मधोमध काचेची पट्टी आडवी, दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा. काच तडकली तर तडा अजून चालू आहे. बोअरची पातळीही लिहून ठेवा, पण रात्रभर मोटर बंद ठेवून सकाळी. चालू मोटरची पातळी आम्ही धरत नाही. आणि एका फेरीत निकाल मागू नका. वैशाखात एकदा, दसऱ्यानंतर एकदा बघावं लागतं.

पातळी मोजायची टेप दुकानातून दोन दिवसांसाठी फुकट मिळेल, बोअर दुसऱ्याकडून घेतलेला असला तरी. फक्त परत आणताना पुसून, कोरडी करून आणा.