‘बोनापार्ट्स रिट्रीट’: केंटकीच्या डोंगरातून बॅलेच्या रंगमंचावर गेलेली धून

अमेरिकन संगीतकार एरन कोपलंड यांच्या ‘रोडिओ’ या बॅलेचा शेवटचा भाग ‘होडाऊन’ अमेरिकेबाहेरही पुष्कळांच्या कानावरून गेलेला असतो. त्यातली घोडदौडीसारखी पुढे झेपावणारी मुख्य धून मात्र कोपलंड यांची नाही. ‘बोनापार्ट्स रिट्रीट’, म्हणजे बोनापार्टची माघार, ही ती जुनी फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, धून. ती ज्या रूपात जगाला माहीत झाली ते रूप घडवलं अमेरिकेच्या केंटकी राज्यातले फिडलवादक विल्यम हॅमिल्टन स्टेप यांनी.

धुनेचा उगम शोधत मागे गेलं की वाट आयर्लंड आणि स्कॉटलंडकडे वळते. १७९६ मध्ये फ्रेंच आरमार आयर्लंडच्या बँट्री उपसागरापर्यंत येऊन परत फिरलं. १७९८ मध्ये किलालाला फ्रेंच सैनिक खरोखर उतरले. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेल्या आयरिश लोकांना फ्रान्सकडून आशा होती आणि पुढे ती नेपोलियनच्या नावाशी जोडली गेली. त्याच्यावर गाणी झाली, कूचगीतं झाली. स्थलांतरितांबरोबर ही नावं पूर्व अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगरांत पोहोचली आणि तिथे त्यांनी भूगोलाचं बंधन सोडलं. ‘नेपोलियन क्रॉसिंग द रॉकीज’, म्हणजे अमेरिकेतले रॉकी पर्वत ओलांडणारा नेपोलियन, अशीही एक धून तिथे वाजते. ‘बोनापार्ट्स रिट्रीट’चं नातं अभ्यासकांनी ‘द ईगल्स व्हिसल’ या आयरिश कूचधुनेशी दाखवलं आहे. नावातली माघार मॉस्कोहून १८१२ मध्ये झालेली की वॉटर्लूची, हे धून सांगत नाही.

खरी ओळख पटते ती वाद्य जुळवण्यात. फिडलच्या तारा सहसा जी-डी-ए-ई अशा लावतात. या धुनेसाठी सर्वांत खालची जी तार थेट खालच्या डीपर्यंत उतरवतात, वरची ईसुद्धा डीवर आणतात. झाली डी-डी-ए-डी, आपल्या भाषेत सा-सा-प-सा. तंबोऱ्यातही हेच दोन स्वर असतात, म्हणून मराठी कानाला ही जुळणी लगेच ओळखीची वाटेल. खर्जाची सैल केलेली तार धुनेखाली घुमत राहते आणि बॅगपाइपचा भास होतो. बहुतेक जुने वादक ही धून संथ, कुचाच्या चालीवर वाजवत. काही जण तिच्यातून लढाईच उभी करत, म्हणजे दूरवरचे पाइप, तोफा, पाय ओढत परतणारं सैन्य. जॉर्जियाच्या ए. ए. ग्रे यांनी १९२४ मध्येच ती ध्वनिमुद्रित केली होती.

पुढे वळण आलं ते २६ ऑक्टोबर १९३७ ला. लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन पूर्व केंटकीत फिरत होते. मगॉफिन परगण्यातल्या सॅलियर्सव्हिलला त्यांनी स्टेप यांचं वादन डिस्कवर घेतलं. स्टेप तेव्हा साठी ओलांडलेले होते. त्यांनी जुळणी तीच ठेवली, खर्जाची गुंज तीच ठेवली, पण लय पार बदलली. इतरांच्या हातात सावकाश चालणारं कूच त्यांनी द्रुत लयीत, गजाच्या तोडीव झटक्यांनी, नाचाच्या धुनेसारखं पळवलं. मला हा नुसता वेग वाढवण्याचा प्रकार वाटत नाही. विलंबित बंदिश दुप्पट लयीत म्हटली म्हणून तिचा छोटा ख्याल होत नाही. त्यासाठी स्वरांची मांडणीच नव्याने करावी लागते, आणि ती स्टेप यांनी केली होती.

ते ध्वनिमुद्रण संग्रहात पडून राहिलं नाही याचं श्रेय रूथ क्रॉफर्ड सीगर यांना द्यावं लागतं. त्या स्वतः आधुनिक वळणाच्या संगीतकार होत्या. लोमॅक्स पितापुत्रांच्या १९४१ च्या लोकगीतसंग्रहासाठी त्यांनी या मुद्रणांचं स्वरलेखन केलं, तेही पुन्हा पुन्हा ऐकून, बारकावे टिपत. या कामावरचा त्यांचा निबंध इतका लांबला की त्या पुस्तकात मावला नाही आणि त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, २००१ मध्ये, स्वतंत्रपणे छापला गेला. स्टेप यांची धून या संग्रहात कागदावर उतरली आणि तिथूनच कोपलंड यांनी ती जवळपास स्वरासाठी स्वर उचलली. १६ ऑक्टोबर १९४२ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये ‘रोडिओ’चा पहिला प्रयोग झाला. नृत्यरचना अॅग्नेस डी मिल यांची होती आणि मुख्य भूमिकाही त्यांनीच केली.

नंतर ‘होडाऊन’ सुटून स्वतंत्र वाजू लागलं. इमर्सन, लेक अँड पामर या इंग्लिश रॉक त्रयीने ते १९७२ मध्ये कीबोर्डवर आणलं, तर नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या गोमांसाच्या जाहिरातींतून ते घरोघर पोहोचलं. एवढ्या प्रवासात स्टेप यांचं नाव मागे पडलं. १९५७ मध्ये ते वारले. लोकधून कुणाच्या मालकीची नसते हे मला मान्य आहे. पण ऐकणाऱ्याला ओळखू येईल इतकं स्वतःचं रूप देणाऱ्या वादकाचं नाव रचनेबरोबर घेतलं गेलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत आता त्यांचं ते मुद्रण आहे.

धुनेची आणखी एक फांदी कंट्री संगीतात गेली. पी वी किंग यांनी तिला शब्द दिले, के स्टार यांनी १९५० मध्ये ते गाणं गाजवलं आणि १९७४ मध्ये ग्लेन कॅम्पबेल यांनी पुन्हा. त्यात लढाई नाही, प्रेयसीबरोबरचा नाच आहे आणि ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही तिथे वाजत असलेली धून आहे.

दोन्ही मुद्रणं ऐकायची तर आधी स्टेप ऐकावेत, मग कोपलंड. वाद्यवृंदातल्या व्हायोलिनांच्या तारा नेहमीच्याच जुळणीत असतात. स्टेप यांच्या उतरवलेल्या तारेचा खर्ज त्यांच्यावर निघत नाही. तो ऐकायला १९३७ च्या त्या डिस्ककडेच जावं लागतं.