बी.पी.एड. की एन.आय.एस.? पी.टी.चे सर आणि कोच यांतला फरक

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर संध्याकाळी गळ्यात शिट्टी असलेल्या प्रत्येकाला पोरं 'सर'च म्हणतात. त्यातले काही शाळेत पी.टी. शिकवणारे क्रीडाशिक्षक असतात, काही एकाच खेळाचे प्रशिक्षक. 'स्पोर्टमध्ये करिअर करायचंय' म्हणणाऱ्या मुलाच्या घरी या दोघांची हमखास गल्लत होते आणि चुकीच्या कोर्सला अर्ज जातो.

शाळेच्या नोकरीसाठी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षण शिकवण्याची पदवी) लागतं. दोन वर्षं, चार सत्रं, आणि तेही पदवीनंतर. बारावीनंतरचा तीन वर्षांचा बी.पी.ई.एस. (शारीरिक शिक्षण आणि क्रीडा यांची पहिली पदवी) हा वेगळा कोर्स आहे. तो करणाऱ्यालाही शिक्षक व्हायचं तर सहसा पुढे बी.पी.एड. करावंच लागतं. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला 50 टक्के गुण आणि शालेय, जिल्हा किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला मान्यताप्राप्त सहभाग हवा. शारीरिक शिक्षणाच्या पदवीधरांना 45 टक्के चालतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. महाराष्ट्रात प्रवेश राज्य सीईटीतून होतो. तिच्यात लेखी परीक्षा आहे, तशी मैदानी चाचणीही. नुसती पुस्तकं वाचून जाणारे इथेच मागे पडतात.

कोच व्हायचं तर वाट एन.आय.एस.ची. एन.आय.एस. म्हणजे पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, स्थापना 1961 ची. तिचा क्रीडा प्रशिक्षणाचा डिप्लोमा एक वर्षाचा, निवासी आणि एकाच खेळाचा. ॲथलेटिक्सचा केला तर कबड्डीचा होत नाही. पदवीसोबत त्याच खेळातली वरच्या पातळीवरची कामगिरी मागतात. अटी आणि खेळांच्या जागा दर वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्सही आहे. तो करून 'मी एन.आय.एस. आहे' असं सांगणारे गावोगाव भेटतात. डिप्लोमा मागणाऱ्या भरतीत ते प्रमाणपत्र चालत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे बघू. शिक्षकाच्या तासाला पन्नास-साठ मुलं आणि पस्तीस-चाळीस मिनिटं. हजेरी, सावधान-विश्राम, शरीर गरम करणं, मुख्य भाग, शेवटी एखादा खेळ आणि विसर्जन. दम्याचा मुलगा, जाडसर मुलगी, जिल्ह्याला खेळलेला पोरगा, सगळे त्याच रांगेत. म्हणून बी.पी.एड.मध्ये पाठ नियोजन, लेझीम-डंबेल्सची सामूहिक कवायत, स्पर्धेची गटवारी, पंचगिरी आणि मैदान आखणी यांवर भर असतो.

मैदान आखणीचंच घ्या. 400 मीटरच्या प्रमाणित ट्रॅकची त्रिज्या 36.50 मीटर, सरळ भाग 84.39 मीटर, लेनची रुंदी 1.22 मीटर. पहिल्या लेनचं अंतर आतल्या उंच कडेपासून 30 सेंटिमीटरवर मोजतात, बाकी लेनचं आतल्या रेषेपासून 20 वर. म्हणून 400 मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा धावपटू 7.04 मीटर पुढे उभा राहतो. पण शाळेच्या मैदानावर कड कुठली? फक्कीची रेघ असते. कड नसेल तर पहिली लेनही 20 सेंटिमीटरवरच मोजायची असते. तरी लोक पुस्तकातले आकडे तसेच टाकतात. मग पहिल्या लेनचा मुलगा सुमारे 63 सेंटिमीटर कमी धावतो, दुसऱ्या लेनचा पुरे 400. उपाय सोपा: पहिल्या लेनची आतली रेघ 10 सेंटिमीटर बाहेर, म्हणजे 36.60 त्रिज्येवर मारायची. शर्यत छातीच्या फरकाने सुटते तेव्हा हे 63 सेंटिमीटर पदक फिरवतात, आणि पालकांची तक्रार क्रीडाशिक्षकाकडेच येते.

कोचचं डोकं दुसरीकडे चालतं. त्याच्यासमोर आठ-दहाच खेळाडू, पण प्रत्येकाची वही वेगळी. 400 मीटर साठ सेकंदांत धावू पाहणाऱ्या मुलीला तो सहा वेळा 200 मीटर देतो, प्रत्येकी 31-32 सेकंदांत, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. ती पहिल्या दोन 28 मध्ये मारते आणि शेवटची 36 वर जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय जीव तोडून पळाली! कोचला दिसतं की आजचा सराव फुकट गेला: वेगाचाही झाला नाही, वेग टिकवण्याचाही नाही. तसंच स्पाइक्सचं, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचं. नवे मिळाले की मुलं रोज घालतात, पोटरी आणि टाचेमागची शीर ओढली जाते आणि ऐन स्पर्धेत खेळाडू बाहेर बसतो. डिप्लोमात शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स, क्रीडा मानसशास्त्र हे विषय आहेत ते याचसाठी.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य घेतलं, ते नाशिकमध्ये विजेंद्रसिंग यांच्याकडच्या वर्षानुवर्षांच्या सरावावर. पी.टी.च्या तासातून असं पदक निघत नाही, आणि ती अपेक्षाही चूक. उलट पदकवीर कोचला सहावीचा अख्खा वर्ग सांभाळायला द्या, दहा मिनिटांत मैदानाचा बाजार होईल.

नोकरीच्या वाटाही निराळ्या. शालेय शिक्षकभरतीला बी.पी.एड. आणि अभियोग्यता चाचणीचे गुण, निवड राज्य सरकारच्या 'पवित्र' या शिक्षकभरती पोर्टलवरून. डिप्लोमा इथे बी.पी.एड.ची जागा घेत नाही. कोचला सरकारी प्रशिक्षण केंद्रं, क्रीडा खात्याच्या जागा, अकादम्या आणि खासगी शाळांचे संध्याकाळचे वर्ग. यातलं बरंच काम कंत्राटी असतं, हे घरी आधीच सांगून ठेवावं. आमचं मत विचाराल तर खेळात विद्यापीठ किंवा राष्ट्रीय पातळीचं प्रमाणपत्र नसेल तर बी.पी.एड.च धरा. ते असेल आणि एका खेळावर जीव असेल तर डिप्लोमाला अर्ज करा. दोन्ही केलेल्याला खासगी शाळा आधी उचलतात.

अर्जाआधी दोन गोष्टी तपासा. बी.पी.एड. कॉलेजला एन.सी.टी.ई.ची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) चालू मान्यता आहे का, ते त्यांच्या वेबसाइटवरच्या यादीत पाहा, कॉलेजच्या फ्लेक्सवर नको. आणि प्रमाणपत्रं: खुल्या मॅरेथॉनचं किंवा मंडळाच्या कबड्डी चषकाचं प्रमाणपत्र सहभाग म्हणून धरत नाहीत. आंतरमहाविद्यालयीन किंवा शालेय स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, दहावीच्या गुणपत्रिकेवरच्याच नावाने, हातात हवं.

कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं असेल तर बी.पी.एड.वर थांबून भागत नाही. एम.पी.एड. (त्यापुढची पदव्युत्तर पदवी) 55 टक्क्यांनी आणि सहसा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. शिवाय धावावंही लागतं: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे तिशीपर्यंतच्या पुरुषांना 12 मिनिटांत 1800 मीटर, महिलांना 8 मिनिटांत 1000 मीटर.