रिवा बोटी: मालक कोण आणि रेघ कोणाची

रिवा म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती महोगनीची, आरशासारखी चकाकणारी ॲक्वारामा. ती ‘कार्लो रिवाची बोट’ म्हणून ओळखली जाते. हे अर्धंच खरं आहे.

उत्तर इटलीतल्या इझेओ सरोवराच्या काठी सार्निको नावाचं गाव आहे. तिथे १८४२ मध्ये पिएत्रो रिवाने बोटींचं काम सुरू केलं. मुलगा एर्नेस्तोने बोटीला इंजिन जोडलं, नातू सेराफिनो शर्यतीच्या बोटींत रमला. पणतू कार्लोने १९५० च्या सुमारास कारभार हाती घेतला आणि गिऱ्हाईक सांगेल तशी सुटी बोट बांधण्याऐवजी ठरावीक मॉडेलं काढायला सुरुवात केली: आरिस्तॉन, त्रितोने, फ्लोरिडा. इंजिनं यायची अमेरिकेच्या क्रिस-क्राफ्ट या बोट बांधणाऱ्या कंपनीकडून.

१९६२ ची ॲक्वारामा मुळात त्रितोनेचीच पुढची पायरी. नाव सिनेरामा या रुंद पडद्याच्या तंत्रावरून घेतलेलं, कारण समोरची काच तशीच दोन्ही बाजूंना वळलेली. कल्पना आणि हट्ट कार्लोचा. कागदावर रेघ ओढणारा हात जॉर्जो बारिलानीचा. सगळे प्रकार धरून साडेसातशेहून अधिक ॲक्वारामा बांधल्या गेल्या. शेवटचा प्रकार ‘स्पेशल’, १९७२ ते १९९६.

जुनी ॲक्वारामा बघायला जाल तर चकाकीवर भाळू नका. ऊन वार्निशचा थर ठिसूळ करतं. जोडाजवळ केसाएवढी चीर पडते, तिच्यातून पाणी आत शिरतं आणि महोगनी काळी पडते. डाग वरवरचा असेल तर घासून, पुन्हा वार्निशचे हात देऊन भागतं. तळाच्या फळ्या मऊ लागल्या तर मात्र त्या उकलून बदलाव्या लागतात, आणि खरा खर्च तिथेच असतो.

लाकडाला लागणारी ही मेहनत आणि समोरून येणारं स्वस्त फायबरग्लास, या कात्रीत १९६९ उजाडलं. त्या वर्षी कार्लोने कंपनी अमेरिकेच्या व्हिटेकर कॉर्पोरेशनला विकली. पुढची दोनेक वर्षं तो पदावर राहिला, मग बाहेर पडला. कारभार मेहुणा जीनो जेर्वासोनीकडे गेला. फायबरच्या रिवा याच काळात पाण्यात उतरल्या. १९८९ मध्ये ब्रिटनच्या व्हिकर्सने कंपनी घेतली. रोल्स-रॉइस मोटारीही तेव्हा त्याच घरात होत्या. जाहिरातीला जोडी झकास होती. एवढ्या उलथापालथीत बारिलानी मात्र १९९६ पर्यंत आपल्या ड्रॉइंगबोर्डापाशीच होता. मालकांच्या यादीपेक्षा मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

१९९८ मध्ये स्टीफन ज्युलियसच्या स्टेलिकन या गुंतवणूक कंपनीने रिवा विकत घेतली आणि २००० मध्ये इटलीच्या फेरेत्ती या यॉट बांधणाऱ्या समूहाला विकली. गंमत अशी, की लगेच २००१ मध्ये याच ज्युलियसने क्रिस-क्राफ्ट घेतली. म्हणजे ज्यांची इंजिनं कार्लो बोटीत बसवायचा, तीच. २०१२ मध्ये फेरेत्तीतला बहुसंख्य हिस्सा चीनच्या वेईचाई समूहाने घेतला; २०२३ मध्ये तो निम्म्याखाली आला.

बारिलानीनंतरची रेघ मॅउरो मिकेलीची. तोही रिवातच तयार झालेला. सर्जो बेरेत्ताबरोबर त्याने ‘ऑफिचिना इटालियाना डिझाइन’ ही संस्था काढली आणि फेरेत्तीच्या काळातल्या रिवा तिथेच आखल्या गेल्या. २००१ ची ॲक्वारिवा त्याचीच. नावातल्या साम्यामुळे बरेच जण तिला नवी ॲक्वारामा समजतात. ॲक्वारामा अख्खी लाकडाची, सुमारे साडेआठ मीटर लांब, दोन पेट्रोल इंजिनांची. ॲक्वारिवा दहा मीटरची, डिझेलवर चालणारी, आणि तिचं अंग फायबरग्लासचं. महोगनी फक्त वर, डेकला, मधे मेपलच्या फिकट पट्ट्या. त्या डेकला मात्र अजूनही वार्निशचे वीस हात देतात.