बॅटरी झिजली की बिघडली?

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर निम्मे वाद एकाच वाक्यावरून पेटतात: ‘बॅटरी टिकत नाही.’ ग्राहकाला वाटतं, आपण तक्रार नोंदवली. पलीकडच्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की फोन जुना झालाय आणि खर्च ग्राहकाचा आहे. बॅटरी न टिकण्याची कारणं मुळात दोन जातींची असतात. एक झीज, दुसरं बिघाड. लक्षणं सारखी दिसतात, पण वॉरंटी बिघाडाची असते, झिजेची नसते. हा फरक दुकानदाराला पाठ असतो आणि तो आपल्याला सांगायची त्याला काही घाई नसते.

झीज सगळ्याच बॅटऱ्यांची होते. लिथियम-आयन बॅटरीत चार्ज होताना आणि उतरताना लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसरीकडे जात-येत असतात. दर खेपेला त्यातलं थोडं लिथियम एका बाजूला असलेल्या ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच्या थरात अडकून बसतं आणि पुन्हा कामाला येत नाही. म्हणून क्षमता हळूहळू कमी होते. अॅपलने आपले आकडे जाहीरच केले आहेत: आयफोन 14 पर्यंतच्या मॉडेलांत 500 चार्ज सायकलनंतर मूळच्या 80 टक्के क्षमता उरावी अशी रचना, आणि आयफोन 15 पासून 1000 सायकलनंतर. सायकल म्हणजे चार्जर लावण्याची खेप नव्हे. आज 60 टक्के वापरली, उद्या 40, तर दोन दिवसांत मिळून एक सायकल झाली.

या झिजेला ऊन फार मानवतं. हवा 35 अंशांच्या वर गेली की क्षमता कायमची घटू शकते, असं अॅपलच सांगतं. इंदूरचा मे महिना 40 च्या पुढे असतो. भर दुपारी स्कूटरच्या हँडलवर फोन अडकवलेला, नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण, वर चार्जिंगची वायरही लावलेली, असं ऑर्डर पोहोचवणाऱ्या मुलांचं रोजचं चित्र आहे. त्यांची बॅटरी दीड वर्षात बसली तर तो कारखान्याचा दोष ठरवणं अवघडच.

बिघाडाला वयाचं बंधन नसतं. 2016 चा सॅमसंग गॅलेक्सी नोट 7 आठवा. फोन विकून काही आठवडेच झाले होते आणि बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. कंपनीने जानेवारी 2017 मध्ये कारणं सांगितली. एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात निगेटिव्ह इलेक्ट्रोड दबून वाकला होता. बदलून दिलेल्या फोनमधल्या दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. वापरणाऱ्याने फोन कसा वापरला, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

दोन्ही जाती एकाच मॉडेलमध्ये पाहायच्या असतील तर आयफोन 6एस घ्या. हा फोन अचानक बंद पडतो अशा तक्रारी आल्या, तेव्हा नोव्हेंबर 2016 मध्ये अॅपलने काही फोनांची बॅटरी फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. कारण असं की सप्टेंबर-ऑक्टोबर 2015 मध्ये बनलेल्या थोड्या फोनांच्या बॅटरीचे भाग जोडणीआधी कारखान्याच्या हवेत नको तितका वेळ उघडे राहिले होते. हा झाला बिघाड, फोनच्या सिरियल नंबरवरून ठरणारा. पण त्या तुकडीत नसलेले 6एससुद्धा बॅटरी जुनी झाल्यावर तसेच बंद पडत होते. त्यांच्यासाठी जानेवारी 2017 मध्ये अपडेट आलं, जे गरज पडल्यावर फोनचा वेगच कमी करायचं. डिसेंबर 2017 मध्ये हे चव्हाट्यावर आलं, कंपनीला माफी मागावी लागली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याची किंमत 79 डॉलरवरून 29 वर आली. म्हणजे बॅटरी स्वस्त झाली, फुकट नाही. मॉडेल तेच, लक्षण तेच, पण एकाला फुकट आणि दुसऱ्याला सवलत.

खरा वैताग येतो तो तपासणीच्या वेळी. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या आत्याचा फोन वॉरंटीत होता. फोटो काढायला गेलं की 34 टक्क्यांवरून थेट काळा पडायचा. काउंटरवरच्या मुलाने केबल लावली, स्क्रीनवर हिरवी खूण आली. “मॅडम, सिस्टम में बैटरी ओके बता रहा है, हेल्थ 86 है.” आत्या म्हणाली, “भिया, आपकी मशीन में ओके होगी, मेरे हाथ में नहीं है.” बरं, पैसे देतो, बदलून द्या म्हटलं, तर तेही नाही, कारण ‘सिस्टम’ पास दाखवतंय. मला त्या मुलाचा राग आला नाही. त्याच्यासमोर एकच आकडा होता आणि त्या आकड्याला तो बांधलेला होता.

पण तो आकडा सांगतो काय? बॅटरीची मूळ क्षमता किती टक्के उरलीय, एवढंच. फोन बंद पडतो तो बहुतेकदा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आत करंटला होणारा अडथळा, वाढल्यामुळे. नर्मदेचं पाणी टाकीत भरपूर आहे, पण पाइपात क्षार साचलेत, तसं. साधा मेसेज वाचताना थोडाच करंट लागतो, तो मिळतो. कॅमेरा, फ्लॅश, प्रोसेसर एकदम जागे झाले की बॅटरीचं व्होल्टेज क्षणात खाली कोसळतं आणि सर्किटला नुकसान होऊ नये म्हणून फोन स्वतःला बंद करतो. थंड खोलीत टेबलावर निवांत पडलेल्या फोनची तपासणी केली तर हे दिसणार कसं? रोध वयानेही वाढतो, बिघाडानेही. म्हणून निवाडा लक्षणावर न करता काळावर करावा लागतो. सायकल दोनशेच्या आत, फोन वर्षाच्या आत आणि त्रास एकाएकी सुरू झालेला, तर संशय बिघाडावर. सहाशे-सातशे सायकल झाल्या आणि त्रास हळूहळू वाढत आला, तर ती झीज.

म्हणून काउंटरवर ‘टिकत नाही’ म्हणू नका. ‘अमुक तारखेपासून, 30 टक्क्यांच्या वर असताना, कॅमेरा उघडला की बंद पडतो’ असं सांगा. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या आलेखाचा स्क्रीनशॉट आणि जमल्यास फोन बंद पडतानाचा व्हिडिओ जवळ ठेवा. जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि फोन परत देताना ‘दोष आढळला नाही’ म्हणत असतील तर तेही लेखी घ्या. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो. झिजेवर फुकट बदली मिळते ती वेगळा प्लॅन विकत घेतला असेल तर. अॅपलच्या केअर प्लॅनमध्ये क्षमता 80 च्या खाली गेली की बॅटरी बदलून मिळते. आता 81 वर महिनोन्महिने अडकलेला फोन घेऊन बसणाऱ्यांचं दुःख मी समजू शकतो.

वॉरंटीतला फोन मात्र इंदूरच्या जेल रोडवरच्या डॉलर मार्केटमध्ये, म्हणजे मोबाइलच्या बाजारात, उघडू नका. बाहेर एकदा झाकण निघालं की बिघाडाचा दावा जवळपास संपला. वॉरंटी केव्हाच संपलेल्या, झिजलेल्या फोनला तिथली बॅटरी टाकायला माझी हरकत नाही. तिथे ‘ओरिजनल है भिया’ यावर न जाता दोन गोष्टी बघा: बॅटरीवर छापलेली तारीख, आणि फोनचं झाकण परत बसवताना नवी चिकट पट्टी लावतात का. वापर नसला तरी बॅटरी झिजते, त्यामुळे जुन्या मॉडेलची ‘नवी’ बॅटरी कपाटात पडून म्हातारी झालेली असू शकते. पट्टी नसेल तर फोनला पाण्यापासूनचं संरक्षण उरत नाही. शिवाय 2018 च्या आयफोन एक्सएस-एक्सआरपासून पुढच्या मॉडेलांत बाहेरची बॅटरी टाकली की सेटिंग्जमध्ये तसा संदेश दिसतो. फोन त्याने बंद पडत नाही, पण पुढे विकायला काढला की भाव पडतो.

बॅटरी फुगली असेल तर झीज की बिघाड हा वाद नंतर घाला. आतलं इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू साचतो, स्क्रीन एका कडेने उचलली जाते किंवा मागचं झाकण सुटतं. हे दोन्ही कारणांनी होतं. चार्जर काढा, फोन बंद करा, दाबून झाकण बसवायला जाऊ नका. काढलेली बॅटरी दुकानातच ठेवून घ्यायला सांगा. आणि घरी आणलीच तर सुक्या कचऱ्यात टाकू नका: आपल्या इंदूरच्या कचऱ्याच्या गाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, तिथेच द्या आणि देताना गाडीवाल्याला सांगा की फुगलेली आहे.