ट्रकच्या आरशांवरच्या दोन काठ्या

अमेरिकेतल्या हायवेवर धावणारा लांब पल्ल्याचा ट्रक समोरून पाहिला, तर दोन्ही बाजूंच्या आरशांच्या दांड्यांवर दोन बारीक काठ्या उभ्या दिसतात. फोटोत त्या शोभेच्या वाटतात. त्या असतात सीबी म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओच्या अँटेना. त्या आरशांवरच का, एवढ्याच उंचीच्या का आणि दोन का, याची उत्तरं अर्धी सरकारी कागदांत आहेत आणि अर्धी ट्रकच्या बांधणीत.

गाडीत रेडिओ बसवायची खटपट आधी पोलिसांनी केली. डेट्रॉइट पोलिसांनी एप्रिल १९२८ मध्ये गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून संदेश द्यायला सुरुवात केली, पण ती एकतर्फी. गाडीतल्या शिपायाला ऐकू यायचं. उत्तर द्यायचं तर खाली उतरून फोन गाठायचा. न्यू जर्सीतल्या बेयॉन शहराच्या पोलिसांनी १९३३ मध्ये दोन्हीकडून बोलता येईल अशी यंत्रणा आणली. व्हॅक्यूम ट्यूबचे ते संच डिकी अडवून बसत आणि बॅटरी रिकामी करत. इंजिनचा वैताग वेगळाच, कारण पेट्रोल इंजिनच्या स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी एएम रेडिओत, म्हणजे आवाज सिग्नलच्या ताकदीच्या चढउतारावर बसवणाऱ्या रेडिओत, खरखर होऊन ऐकू येते. कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी १९४० मध्ये अभियंते डॅनियल नोबल यांच्याकडून एफएम, म्हणजे ताकदीऐवजी फ्रिक्वेन्सी बदलणारी, यंत्रणा करून घेतली आणि ही कटकट बरीच मिटवली. ट्रकवाल्यांच्या वाट्याला पुढे एएमच आलं. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतात.

सामान्य माणसाला स्वतःचा रेडिओ वापरू द्यावा, ही कल्पना दुसरं महायुद्ध संपता संपता आली. एफसीसी या अमेरिकी नियामक संस्थेने १९४५ मध्ये त्यासाठी ४६० ते ४७० मेगाहर्ट्झचा पट्टा ठेवल्याचं जाहीर केलं. वॉकीटॉकीच्या जनकांपैकी एक असलेल्या अल ग्रॉस यांच्या संचाला १९४८ मध्ये मान्यता मिळाली. पण त्या काळच्या ट्यूबमधून इतक्या उंच फ्रिक्वेन्सीवर काम काढणं महागात पडे, आणि पल्लाही बेताचाच मिळे. मग सप्टेंबर १९५८ मध्ये एफसीसीने ‘हॅम’ म्हणजे हौशी रेडिओवाल्यांकडून ११ मीटरचा पट्टा काढून घेतला आणि तिथे २७ मेगाहर्ट्झच्या आसपास २३ चॅनेल आखून दिली. हॅम मंडळींची त्यावरची चिडचिड पुढे कितीतरी वर्षं टिकली. माझ्या मते ट्रकवरच्या अँटेनेचा सगळा इतिहास याच एका निर्णयातून निघतो. २७ मेगाहर्ट्झचा संच स्वस्तात बनू लागला, पण लहर झाली ११ मीटर लांब. तिच्या चतुर्थांशाची, म्हणजे पावणेतीन मीटरची, सरळ उभी काठी ही गाडीवरची सर्वांत साधी आणि चांगली अँटेना. संच खिशाला परवडला. काठी ट्रकवर उभी कुठे करायची हा प्रश्न राहिला.

पंधरा वर्षं त्याची फारशी निकड नव्हती. सीबी वापरायचे ते मुख्यतः सुतार, प्लंबर, शेतकरी, छोटे व्यावसायिक. परवाना काढायचा, कॉल साइन म्हणजे ओळखीचा संकेत सांगायचा, कामापुरतं बोलायचं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि चित्र पालटलं. डिझेल महागलं, पंपावर मिळेल याचीही खात्री राहिली नाही. जानेवारी १९७४ मध्ये इंधन वाचवण्यासाठी देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू करणारा कायदा झाला. स्वतःचा ट्रक चालवणाऱ्या ड्रायव्हरला पैसे मिळतात मैलांवर, तासांवर नाही. म्हणजे खर्च वाढला आणि वेग कमी झाला, दोन्हीकडून मार. डिसेंबर १९७३ मध्ये चिडलेल्या ट्रकवाल्यांनी पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोतले हायवे अडवले, आणि ट्रक गोळा करण्याचं काम सीबीवरूनच झालं. पुढच्या काही महिन्यांत पंप कुठे उघडा आहे, वजनकाटा चालू आहे का, पुढच्या वळणावर पोलीस दबा धरून बसलाय का, हे सगळं रेडिओवर फिरू लागलं. पोलिसांना ‘स्मोकी’ हे नाव पडलं, कारण त्यांची टोपी वणव्याचा इशारा देणाऱ्या सरकारी जाहिरातीतल्या स्मोकी नावाच्या अस्वलाच्या टोपीसारखी. ‘टेन-फोर’ (म्हणजे ‘समजलं’) मात्र ड्रायव्हरांनी पोलिसांकडूनच उचललं. हे दहाचे संकेत १९३० च्या दशकाच्या शेवटी इलिनॉय राज्य पोलिसांत तयार झाले होते.

आधी ट्रकवाले चॅनेल १० वर जमत. पण चॅनेल ९ संकटकाळासाठी राखलेलं, आणि शेजारच्या गोंगाटाने ते बुजून जाई. हळूहळू वस्ती १९ वर, म्हणजे २७.१८५ मेगाहर्ट्झवर हलली आणि आजही तिथेच आहे. नंतर ही लाट घरोघरी पोचली. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट मामा’ या नावाने बोलत. जानेवारी १९७७ मध्ये चॅनेल २३ वरून ४० झाली आणि त्या एका महिन्यात परवान्यासाठी सुमारे दहा लाख अर्ज आले. एवढे अर्ज तपासणार कोण? परवाना न काढणारे तर त्याहून वेगळे. अखेर १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अटच गेली.

एक गोष्ट मात्र सैल झाली नाही, ती म्हणजे ताकद. एएमवर फक्त ४ वॅट. संच दोनशे डॉलरचा असो की चाळीसचा, हवेत जायचे ते ४ वॅटच. काहींनी ताकद वाढवणारे बेकायदा लिनिअर अॅम्प्लिफायर सीटखाली दडवले. उरलेल्यांना कायद्यात राहून पल्ला वाढवायचा तर एकच जागा मोकळी होती, ती अँटेना. जुने ड्रायव्हर नव्याला ‘पैसा संचात नको, काठीत घाल’ म्हणतात ते उगीच नाही.

आता ती काठी. पूर्ण मापाची स्टीलची काठी १०२ इंचांची, खाली स्प्रिंग. ट्रकची उंची बहुतेक राज्यांत साडेतेरा फुटांत बसवावी लागते; टपावर साडेआठ फुटांची काठी उभी केली तर पहिल्याच पुलाखाली ती जाणार. म्हणून फायबरग्लासच्या दांडीवर तांब्याची तार गुंडाळून, किंवा मध्ये कॉइल घालून, चार-पाच फुटांची अँटेना बनवली गेली. ती विजेच्या हिशेबाने पूर्ण मापाची वाटते, पण कार्यक्षमता थोडी घटते.

दुसरी पंचाईत जमिनीची. उभी काठी ही अर्धीच अँटेना असते. उरलेला अर्धा भाग खालचा पत्रा पुरवतो. कारच्या टपावर मधोमध बसवलेल्या काठीला चारी बाजूंनी पत्रा मिळतो. मोठ्या ट्रकच्या बोनेटमध्ये आणि टपावरच्या वाऱ्याच्या आडोशात फायबरग्लास आला, मागे ट्रेलरची उंच भिंत. आरशाची दांडी ही त्यातल्या त्यात बरी जागा. पण एका बाजूच्या आरशावर एकच काठी लावली, की दुसऱ्या बाजूला केबिनच आडवी येते.

म्हणून दोन. आणि इथे ट्रकच्या रुंदीने साथ दिली. दोन आरशांतलं अंतर साधारण आठ-नऊ फूट, म्हणजे लहरीच्या चतुर्थांशाच्या आसपास. दोन्ही काठ्यांना एकाच वेळी, एकाच तालात सिग्नल दिला, की पुढे आणि मागे त्यांची ताकद जुळून येते, आणि बाजूंना, शेतांकडे, ती साधारण निम्मी होते. हायवेवर बोलायचं असतं ते पुढच्या आणि मागच्या गाडीशीच. कारवर हीच हौस करणारे बरेच भेटतात. पाच फुटांवर उभ्या केलेल्या दोन काठ्यांनी दिखाव्यापलीकडे फारसं काही होत नाही.

या जोडीची केबल प्रत्येकी १८ फुटांचीच का, हे दुकानातले लोकही धड सांगत नाहीत. गणित साधं आहे. प्रत्येक अँटेना ५० ओहमची; ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. दोन समांतर जोडल्या तर २५ उरतात आणि संचाला लागतात ५०. त्यासाठी ७५ ओहमची केबल घेतात. तिची लांबी चतुर्थांश लहरीच्या विषम पटीत ठेवली, तर ५० चे दुसऱ्या टोकाला सुमारे ११२ होतात, आणि असे दोन ११२ समांतर आले की ५६, काम भागतं. केबलमध्ये लहर हवेतल्या वेगाच्या सुमारे ६६ टक्के वेगाने जाते, त्यामुळे पाऊण लहर भरते साडेपाच मीटर, म्हणजेच १८ फूट. ड्रायव्हरच्या बाजूची उरलेली केबल कुणी कापून ‘नीटनेटकी’ केली, की सगळं गणित कोसळतं.

बसवून झालं की एसडब्ल्यूआर मीटर लावायचा. संचाने पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत येते, हे तो दाखवतो. दीडच्या आत आलं तर उत्तम, दोनपर्यंत चालेल, तीनच्या वर गेलं तर बोलायचं बटण दाबू नये, संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. चॅनेल १ वर आकडा जास्त आणि ४० वर कमी, तर काठी आखूड. उलट असेल तर लांब. आकडा कुठेच खाली येत नसेल तर बहुतेक वेळा दोष काठीत नसतो. आरशाच्या दांडीला केबिनशी अर्थिंगच मिळालेलं नसतं, मध्ये रंग किंवा रबरी वॉशर असतो. एक जाड वेणीची तार जोडली की काम होतं. वीजजोडणी फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घ्यावी. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून घेतलेल्या संचात अल्टरनेटरची शिट्टी घुमत राहते.

मोबाइल आला तशी चॅनेल १९ वरची गर्दी ओसरली. तरी २०१२ च्या जानेवारीपासून अमेरिकेत व्यावसायिक ड्रायव्हरना हातात धरून मोबाइल वापरायला बंदी झाली, तेव्हा सीबीला त्यातून वगळलं गेलं. २०२१ मध्ये एफसीसीने या पट्ट्यावर एफएमलाही परवानगी दिली. पोलिसांना १९४० मध्ये मिळालेली सोय इथे यायला ऐंशी वर्षं लागली.

ऑस्ट्रेलियाने मात्र वेगळी वाट धरली. तिथे १९७७ पासून ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपास एफएम सीबी आहे, म्हणजे जवळपास तोच शेजार जो अमेरिकेत पन्नासच्या दशकात महाग पडला होता. लहर ६३ सेंटिमीटरची, त्यामुळे पुढच्या बुलबारवर, म्हणजे जनावरांच्या धडकेपासून वाचवणाऱ्या लोखंडी कठड्यावर, उभ्या केलेल्या माणसाएवढ्या उंच काठीतही बरीच जादा ताकद गाठता येते. तिथले ट्रकवाले चॅनेल ४० वर असतात.

आपल्याकडे ट्रकमध्ये सीबी रुजलाच नाही. रेडिओ वापरायचा तर परवाना हवा हाच इथला मूळ कायदा, आणि तो शिथिल होईपर्यंत ड्रायव्हरच्या खिशात मोबाइल आला होता. २००५ मध्ये २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंतच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. अमेरिकी ट्रकवाल्यांचं चॅनेल १९ त्यातच येतं. पण त्या सवलतीत अट अशी, की अँटेना संचाच्या अंगचीच हवी. आरशावर काठी लावून १८ फुटांची केबल ओढली, की ती सवलत लागू राहत नाही. खाणीतल्या डंपरवर किंवा बंदरातल्या गाड्यांवर ज्या अँटेना दिसतात, त्या परवाना घेतलेल्या व्हीएचएफ-यूएचएफ, म्हणजे सीबीहून उंच फ्रिक्वेन्सीच्या, संचांच्या. शिवाय आपले जड ट्रक २४ व्होल्टचे (१२ च्या दोन बॅटऱ्या जोडून) आणि असे बहुतेक संच १२ व्होल्टचे, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागतो. दोनांपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणाऱ्याची ती बॅटरी लवकर बसते.