करडे पडलेले लाकूड मळलेले नसते

पावसाळा ओसरून दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घराबाहेरचे लाकूड उजळवण्याच्या युक्त्या फोनवर फिरू लागतात. वाड्याचा दरवाजा असो, पडवीतला झोपाळा असो की गच्चीतली सागवानी खुर्ची असो, उपाय ठरलेले असतात: ब्लीच ओता, दाबाच्या पाण्याने धुवा, नाहीतर व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालून फासा. अनुभवी पॉलिशवाला या तिन्ही उपायांना नकार देतो आणि त्याचे म्हणणे बरोबर असते, पण त्यामागचे कारण तो सहसा सांगत नाही. ते कारण रसायनशास्त्रात आहे. ते एकदा समजले, तर या कामाचा मोठा भाग घरच्या घरी, लाकडाला धक्का न लावता करता येतो.

लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन पदार्थांचे बनलेले असते. सेल्युलोजचे धागे ताण सोसतात आणि लिग्निन त्या धाग्यांना एकत्र बांधून ठेवते. लिग्निनच्या रेणूत बेंझिनसारखी वलये असतात आणि ती सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेतात. त्या ऊर्जेने रेणूतील काही बंध तुटतात, मुक्त मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार होतात आणि हवेतील ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होऊन पिवळसर-तपकिरी क्विनोन संयुगे बनतात. खिडकीत पडून राहिलेले वर्तमानपत्र पिवळे पडते ते याच क्रियेमुळे, कारण त्या स्वस्त कागदात लिग्निन शिल्लक असते. मात्र उघड्यावरच्या लाकडात गोष्ट येथे थांबत नाही. तुटलेल्या लिग्निनचे तुकडे पाण्यात विरघळतात, पावसाची पहिली सर त्यांना धुऊन नेते आणि मागे सेल्युलोजचे सुटे, फिकट धागे उरतात. त्यांवर ऑरिओबेसिडियमसारख्या काळसर बुरशी वाढतात, ज्या विघटित लिग्निनवरही पोसल्या जातात. फिकट धागे आणि गडद बुरशी यांच्या मिश्रणातून आपल्याला परिचित असलेला करडा रंग येतो.

अतिनील किरण लाकडात जेमतेम ७५ मायक्रोमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतके, शिरतात. करड्या थराखालचे लाकूड त्यामुळे बहुतेक वेळा शाबूत असते. तो थर हा बाहेरून चिकटलेला मळ नसून लाकडाचाच झिजलेला पृष्ठभाग असल्याने, ‘जितके जोराचे औषध तितकी चांगली सफाई’ हा हिशेब येथे लागू पडत नाही.

आता ब्लीचकडे पाहू. घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते. चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये स्कॉटलंडमध्ये हायपोक्लोराइटयुक्त ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले आणि पुढे कागद उद्योगाने हायपोक्लोराइट कशासाठी वापरले, तर लगद्यात उरलेले लिग्निन तोडून काढण्यासाठी. ते लिग्निनच्या वलयांवरच हल्ला करते. दरवाज्यावर ब्लीच ओतल्याने तो पांढराफटक दिसतो, कारण सूर्याने वर्षभरात केलेले काम आपण अर्ध्या तासात आणखी पुढे नेलेले असते. पृष्ठभाग केसाळ होतो, रंगाला धरायला भक्कम थर उरत नाही आणि लोखंडी खिळे-बिजागऱ्या गंजतात.

त्याच कागद उद्योगाने लिग्निन राखून लगदा उजळवण्याचा मार्गही शोधला आहे. वर्तमानपत्राच्या यांत्रिक लगद्यासाठी, म्हणजे लाकूड नुसते दळून केलेल्या लगद्यासाठी, हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. अल्कधर्मी पाण्यात त्यापासून तयार होणारा आयन (विद्युतभारित कण) रंग देणाऱ्या रचनांवरच प्रामुख्याने क्रिया करतो आणि लिग्निनची मूळ चौकट बरीचशी तशीच सोडतो. हेच पेरॉक्साइड भुकटीच्या रूपात सोडियम परकार्बोनेटमधून मिळते. भुकटीच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग पेरॉक्साइडचा असतो आणि बाकीचा धुण्याच्या सोड्याचा. पेरॉक्साइडचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होते. द्रावण ताजे करावे, लाकूड आधी भिजवावे, पंधरा-वीस मिनिटे ओले ठेवून मऊ ब्रशने शिरांच्या दिशेने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. सोड्यामुळे लाकूड थोडे गडद होते. सौम्य आम्लाने ते पुन्हा उजळते.

हे आम्ल म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल, आणि त्याची खरी करामत खिळ्यांभोवतीच्या निळ्या-काळ्या डागांवर दिसते. हिरडा आणि हिराकस एकत्र केल्यावर काळी शाई होते, हे आपल्याकडे पूर्वापार माहीत आहे. हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि हिराकसातील लोह यांच्या संयोगाने तो रंग येतो. कोकणातल्या घरांत वापरला जाणारा ऐन आणि किंजळ हे दोन्ही वृक्ष हिरड्याच्याच टर्मिनॅलिया प्रजातीतले आहेत. अशा टॅनिनयुक्त लाकडात लोखंडी खिळा ठोकला आणि त्यावर पाऊस पडला, की खिळ्याभोवती जागच्या जागी शाई तयार होते. ब्लीचने ती जात नाही, उलट खिळा आणखी गंजतो. ऑक्झॅलेट आयन मात्र लोहाला टॅनिनपासून सोडवून स्वतःशी बांधून घेतो. हे नवे संयुग पाण्यात विरघळते आणि डाग धुऊन निघतो. लिटरभर कोमट पाण्यात ३० ते ५० ग्रॅम आम्ल पुरते. ते विषारी आहे, म्हणून प्लास्टिकची बादली, हातमोजे आणि चष्मा हवाच. ब्लीच आणि आम्ल एकत्र आल्यास क्लोरीन वायू निघतो. म्हणून ही दोन्ही द्रव्ये कधीही एकमेकांत मिसळू नयेत.

डाग कशाचा आहे हे ओळखण्यासाठी मात्र ब्लीचचा एक थेंब उपयोगी पडतो. काळ्या ठिपक्यावर थेंब टाकून दोन मिनिटे थांबावे. ठिपका फिका पडला तर ती बुरशी. काहीच बदलले नाही, तर तिथे पाणी फिरवून, पुसून घ्यावे आणि शेजारच्या ठिपक्यावर ऑक्झॅलिकचा थेंब टाकावा. तो उजळला तर लोह.

व्हिनेगर आणि सोड्याच्या फेसाबद्दल स्पष्टच सांगायला हवे. तो कार्बन डायऑक्साइडचा फेस असतो. आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात आणि मागे उरलेल्या सोडियम ॲसिटेटच्या पाण्यात सफाईची फारशी ताकद नसते. ‘नैसर्गिक’ म्हणून ते गुणकारी ठरत नाही. लाकडाला तेल ‘पाजून’ ते जिवंत राहते, हाही असाच समज. कच्चे जवसाचे तेल आपल्या पावसाळ्यात बुरशीला आयते खाद्य होते.

दाबाच्या पाण्याचे यंत्र अनेक व्यावसायिकही सर्रास वापरतात, आणि तेथे त्यांचे ऐकू नये असे माझे मत आहे. सागाच्या वार्षिक वलयात हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला भाग मोठ्या छिद्रांचा आणि नरम असतो. पाण्याचा झोत तोच आधी खरवडतो आणि फळीवर कायमच्या खाचा पडतात.

मग व्यावसायिक कशासाठी बोलवावा? टोच्या सहज आत जाईल इतके लाकूड कुजले असेल, उंचीवरचे काम असेल किंवा जुना तैलरंग काढायचा असेल तर नक्कीच बोलवावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला, तर शिसेयुक्त धूळ घरभर पसरू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूला तिचा सर्वाधिक धोका असतो. काम ठरवताना रंग ओला करून काढणार का आणि खरवड कुठे टाकणार, हे दोन प्रश्न कारागिराला आधीच विचारावेत.