शारीरिक बंधन (मानसोपचार)

स्वतःला किंवा इतरांना तत्काळ इजा करू पाहणाऱ्या रुग्णाचे हातपाय पट्ट्यांनी खाटेला बांधून त्याची हालचाल तात्पुरती रोखण्याचा उपाय. वॉर्डात याला ‘रिस्ट्रेंट’ किंवा नुसते ‘पेशंट बांधणे’ म्हणतात.

पूर्वी मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवत. त्या साखळ्या प्रथम कोणी काढल्या याविषयी मतभेद आहेत. फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल यांनी १७९३ मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातील मनोरुग्णांच्या बेड्या तोडल्या, ही कथा चित्रांनी सर्वदूर नेली. ती बहुधा त्यांचा मुलगा सिपियाँ आणि शिष्य एस्किरोल यांच्या लेखनातून आकाराला आली. बिसेत्रमधील साखळ्या १७९७ मध्ये अधीक्षक झाँ-बातिस्त प्यूसँ यांनी काढल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पिनेल १७९५ मध्येच साल्पेत्रिएर रुग्णालयात गेले होते. इटलीतील फ्लॉरेन्समध्ये वैद्य व्हिंचेंझो किआरुजी यांनी साधारण १७८० च्या दशकाच्या अखेरीसच साखळ्यांना मनाई केली होती. प्यूसँ यांनी साखळीऐवजी लांब बाह्यांचा, बांधता येणारा जाड अंगरखा आणला, म्हणजे बंधन उरलेच. ते पूर्ण सोडण्याचा प्रयोग इंग्लंडमधील लिंकन येथील मनोरुग्णालयात सुमारे १८३८ पर्यंत पूर्णत्वास गेला. श्रेय तेथील डॉक्टर चार्ल्सवर्थ यांचे की रॉबर्ट गार्डिनर हिल यांचे, यावरही वाद माजला. डॉक्टर जॉन कोनोली यांनी १८३९ पासून लंडनजवळच्या हॅनवेल मनोरुग्णालयात ही पद्धत राबवली.

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण दगावले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार साखळीने बांधण्यास व एकांतकोंडीस मनाई आहे. इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने बांधता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे म्हणून नाही. नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला) २४ तासांत कळवावे लागते.

बांधण्यापूर्वी रक्तातील साखर व ऑक्सिजन पाहावा. दारू सुटल्याने आलेला भ्रम किंवा तुंबलेली लघवीही रुग्णाला उग्र करते. कामाला पाच जण लागतात : प्रत्येक हातापायाशी एक आणि डोक्याशी एक. डोक्याशी असलेल्यानेच रुग्णाशी बोलावे व श्वासावर लक्ष ठेवावे. रुग्ण उताणा, डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश उचललेली, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. पालथे पाडून पाठीवर भार दिल्यास श्वास कोंडून मृत्यू येऊ शकतो. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत आणि एका ओढीत सुटणारी गाठ खाटेच्या अचल चौकटीलाच मारावी. कठड्याला मारल्यास कठडा खाली करताना हात पिरगळतो. रोलर बँडेज वापरू नये : झटापटीत त्याची दोरी होते आणि मनगटाशी चेतातंतू दबतो.

दर १५ मिनिटांनी श्वास, नाडी, बोटांचा रंग पाहून नोंद करतात आणि किमान दर दोन तासांनी एकेक अवयव आळीपाळीने मोकळा करतात. पाणी व लघवी विचारण्याचे मात्र वारंवार राहून जाते.

उग्र रुग्णाला शांत करणाऱ्या औषधांबाबत वेल्लोर येथील चाचणी (२००४) महत्त्वाची आहे. तीत स्नायूत दिलेल्या हॅलोपेरिडॉल (मनोविकारावरील औषध) १० मिग्रॅ. व प्रोमेथाझिन (गुंगी आणणारे ॲलर्जीरोधक) २५–५० मिग्रॅ. या जोडीने लोराझेपाम (शामक औषध) ४ मिग्रॅ.पेक्षा रुग्ण लवकर शांत झाले. एकट्या हॅलोपेरिडॉलने मान व जबडा आखडू शकतो.

सोडताना आधी एक हात व विरुद्ध बाजूचा पाय मोकळा करतात, नंतर उरलेले दोन्ही पट्टे एकदम काढतात. एकच अवयव बांधलेला ठेवल्यास रुग्ण खाटेवरून लोंबकळतो.